वर्गातला ससा आणि कुरणशाळा

वर्गात ससा किंवा मासे पाळावेत, म्हणजे मुलांना जबाबदारी कळते, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. चिंचोटीत राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना या कल्पनेतला जिव्हाळा भावतो. पण एक प्रश्नही पडतो. दिवाळीच्या सुट्टीत त्या सशाने काय करावे? शाळेला सुट्टी असते, भुकेला नसते.

आमच्याच पालघर जिल्ह्यात याहून वेगळी वाट पूर्वी चोखाळली गेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखण्याचे काम अंगावर असल्याने अनेक आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच गुरचरणीवर नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे सोडून या, असे तिने मुलांना सांगितले नाही. जबाबदारी ती मुले घरूनच घेऊन आली होती. शाळेने तिचा मान राखला आणि तिच्या शेजारी अक्षरे मांडली.

पहाटे तबेल्यात धार काढून पहिल्या तासाला धापा टाकत येणारा विद्यार्थी आजही असतो. हजेरीपटावर तो केवळ ‘उशिरा’ असतो. वर्गात ससा जरूर आणावा, सुट्टीतल्या पाळ्या ठरवूनच आणावा. पण त्याआधी, वर्गात कोण काय सांभाळून येते, हे एकदा विचारावे.