काठ बांधताना

काचेची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जमीन. कागदावर मधोमध रेघ ओढली की आखणी झाली असं वाटतं, पण सगळं काम त्या रेघेवरच आहे. कोकणातल्या पऱ्ह्याच्या काठाला अशी रेघ नसते. आधी ओला खडक, मग शेवाळ, मग नेचे, मग माती. आणि पावसाच्या मानाने हे सगळं पुढे-मागे सरकत असतं. टाकीत ती वीतभर ओल साधायची.

*

वजन आधी. 90 बाय 45 सेंटिमीटरच्या तळावर 15 सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण 60 लिटर, म्हणजेच 60 किलो. काच, दगड, माती धरली की आकडा शंभराच्या पुढे जातो. भिंतीला लागून, पक्क्या लोखंडी स्टँडवर, थेट ऊन येणार नाही अशा जागी.

*

दगड. काळा बेसाल्ट पाण्यात फारसं काही सोडत नाही, पण त्याच्या भेगांत कधी कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा असतात. त्या पाणी जड करतात. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसलं तर तो दगड बाजूला. जांभा सच्छिद्र, ओल धरून ठेवणारा. अर्धा पाण्यात, अर्धा वर ठेवला की वरच्या भागावर मॉस चढतं. म्हणून तळाला बेसाल्ट, काठाला जांभा.

*

जमिनीच्या बाजूला खाली खडी, तिच्यावर बारीक जाळी, मग माती. जाळी नसेल तर माती खडीत उतरते, पाणी निथळायला जागा उरत नाही आणि मुळं सडतात. मॉसचा किंवा कापडाचा तुकडा पाणी आणि जमीन वेगळी करणाऱ्या आडभिंतीवरून पाण्यात लोंबत राहिला, तर समईतल्या वातीसारखा तो पाणी ओढत राहतो आणि जमिनीचा चिखल होतो. हीच ओढ बेताने वापरली, तर नेच्यांना वेगळं पाणी घालावं लागत नाही.

*

सिलिकॉन ॲक्वेरियमचंच हवं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते पाण्यातल्या जीवांना बाधतं.

*

ब्राह्मी ही काठाची खरी रहिवासी: पाण्याखाली वाढते, वर येते, ओल्या मातीवर पसरते. वेखंडाची मुळं चिखलात, पानं हवेत. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनी असतात. पावसाळ्यात पाण्याखाली राहतात, पाणी ओसरलं की फुलतात. दुकानात लागवड केलेल्या क्रिप्टोकोरायनी मिळतात, त्याच आणाव्यात. ओढ्यातलं किंवा सड्यावरचं रोप उपटू नये. कासच्या पठारावरची सीतेची आसवं तर त्या पातळ मातीत आणि झिरपत्या पाण्यातच जगतात.

*

1829. लंडनमध्ये डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ओली माती ठेवली. मातीतून नेचा उगवला. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेत नेचे जगत नव्हते, बाटलीत मात्र जगला. त्यातूनच काचेच्या बंद पेट्या आल्या. 1850 च्या सुमारास अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत पोचवली. घरातली ही टाकी त्याच घराण्यातली.

*

पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन रूपं विषारी. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट झाडं खातात. काठावरचा मनीप्लांट मुळं पाण्यात सोडून हे काम फार चांगलं करतो. वाट पाहण्याचे हे आठवडे झाडांचे. त्यात मॉस जांभ्याला धरतं, माती बसते, पाणी निवळतं.

*

उन्हाळ्यात थर्मामीटरवर नजर हवी. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणून टाकीतला छोटा धबधबा नुसत्या शोभेचा नाही. तो पाण्यात हवा मिसळतो आणि नेच्यांवर तुषार उडवतो.

*

रहिवासी कोण? पाण्यात पॅन्चॅक्स. हा मासा पृष्ठभागालगत फिरतो, झाडांच्या सावलीत थांबतो, डासांच्या अळ्या खातो. उडी मारतो, म्हणून झाकण घट्ट. मातीत कोलेंबोला, म्हणजे बुरशी आणि कुजकी पानं खाणारे बारीक जीव. एवढ्यांवर टाकी पुरेशी जिवंत राहते.

*

बेडूक आणावा का? नाही. बेडकाची त्वचा पाणी शोषते, तिच्यातून तो श्वासही घेतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, हाताचा साबण, सगळं थेट आत. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव मिळालेला रात्रबेडूक सह्याद्रीतल्या ओढ्यांवर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो, आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. त्याला वाहता ओढा हवा, पान नेमकं पाण्यावर झुकलेलं हवं, पाऊस हवा. हे सगळं काचेत आणता येत नाही.

*

निवटेही खाडीतच बरे. ओल्या त्वचेतून श्वास घेत, पुढच्या परांवर चालत ते ओहोटीच्या चिखलात आपापली हद्द राखतात. त्यांना खारं पाणी, बिळापुरता खोल चिखल आणि भांडायला जागा हवी. त्यांना पाहायला ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठावर ओहोटीच्या वेळी तासभर उभं राहावं.

*

टाकीतलं पाणी, रोप, मासा, काहीही नदीनाल्यात सोडायचं नाही. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरली. घरच्या टाक्यांत शोभेला आणलेले सकर मासे आता आपल्या नद्यांतही मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. बदललेलं पाणी कुंड्यांना घालावं, झाडांना ते खतासारखं लागू पडतं.

*

काठाचा उतार हातानेच तपासावा. पाण्यात पडलेला लहानसा जीव कुठूनही चालत वर येऊ शकला पाहिजे. सरळ उभी काच आणि मधे एखादा खडक, हे पुरत नाही.

*

हा उतार जमला की बाहेरचं दिसू लागतं. सरळ बांधलेल्या विहिरीत पडलेले बेडूक वर येऊ शकत नाहीत. एक खडबडीत फळी किंवा जाड दोर सोडला तर येतात. शहरातल्या तलावांचं सुशोभीकरण होतं तेव्हा चहूबाजूंनी दगडी भिंत उभी राहते आणि लव्हाळा, चतुर, बेडूक, चिखलात चोच घालणारे पक्षी यांची जागा जाते. पाणी तेवढंच राहतं, तलाव मात्र अर्धा होतो. तलावाचा आराखडा सूचना-हरकतींसाठी लागतो तेव्हा एक मागणी लेखी द्यावी: निदान एक बाजू मातीची, उताराची, गवताची राहू द्या. टाकी बांधणाऱ्याला हे ठामपणे सांगता येईल. कारण काठ नसला की काय मरतं, हे त्याला रोज काचेतून दिसत असतं.