नागमोडी बाण

एम.एस्सी.च्या मुलांना जॅब्लॉन्स्की डायग्राम, म्हणजे रेणूच्या ऊर्जापातळ्यांची आकृती, काढायला सांगितली की आडव्या रेघा आणि वर जाणारे सरळ बाण झटकन येतात. प्रकाश न देता उष्णता होऊन जाणारी ऊर्जा दाखवणारा नागमोडी बाण मात्र बरेच जण विसरतात. मला त्याचाच जास्त लळा. अलेक्झांडर जॅब्लॉन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलेल्या मूळ आकृतीत पातळ्या तीनच होत्या. आजची गजबजलेली आकृती पुढच्यांनी भर घालत घडवली.

यंदा मी खडू हातात घेण्याआधी पालकाची जुडी घेऊन वर्गात गेले. पानं खलबत्त्यात कुटली, ॲसिटोन ओतलं, गाळून घेतलं. उजेडासमोर धरलेली परीक्षानळी गर्द हिरवी दिसत होती. पडदे ओढून ३९५ नॅनोमीटरची टॉर्च बाजूने मारली आणि तोच द्रव डाळिंबाच्या रसासारखा लाल झाला! टॉर्च बंद केली की लालीही तत्क्षणी जायची. हरितद्रव्याचा उत्तेजित रेणू अशा द्रवात जेमतेम पाच-सहा नॅनोसेकंद तग धरतो. डोळ्याला त्याचा पत्ता लागणं शक्यच नाही.

मग द्रव पातळ करून फ्लुओरोमीटरवर लावला. आधी ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश दिला, नंतर ६१५ चा नारिंगी. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. उंची वेगळी, पण शिखर दोन्ही वेळा ६७० च्या आसपास. मुलं बघतच राहिली.

निळ्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन थेट वरच्या पातळीवर जातो, पण तिथून प्रकाश टाकत नाही. एका पिकोसेकंदाच्या आत उष्णता सोडत तो पहिल्या उत्तेजित पातळीच्या तळाशी येतो आणि प्रकाश तिथूनच निघतो. मायकेल काशाने १९५० मध्ये सांगितलेला नियम तो हाच. आत गेलेला निळा फोटॉन २.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, बाहेर आलेला लाल १.८५ चा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऊर्जा त्या नागमोडी बाणात गेली. ही वजाबाकी प्रत्येकाने वहीत स्वतः करावी, असा माझा आग्रह असतो.

एका मुलाने टॉर्च सरळ अख्ख्या पानावर धरली. लाली जवळपास नाहीच. जिवंत पानात शोषलेल्या प्रकाशातला एखाद-दुसरा टक्काच असा परत येतो; बाकीची ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाकडे किंवा उष्णतेकडे वळते. म्हणजे त्याच पहिल्या उत्तेजित पातळीवरून प्रकाशसंश्लेषणाकडे आणखी एक बाण निघतो आणि पुस्तकातल्या आकृतीत तो बहुधा नसतो. आम्ही तो फळ्यावर वेगळ्या रंगाने काढला.

त्रिक (ट्रिपलेट) पातळीची पाळी दुसऱ्या दिवशी आली. खिडकीत उन्हात राहिलेली नळी फिकट पडली होती. काही रेणू त्रिक पातळीवर उतरतात, तिथे जास्त काळ रेंगाळतात आणि द्रवातल्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन बसतात. असा चेतलेला ऑक्सिजन मग हरितद्रव्यालाच खातो. पानात कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं शेजारीच असतात. ते ही ऊर्जा आधीच काढून घेतात आणि उष्णता करून टाकतात, पुन्हा नागमोडी बाणानेच.