दिंडी दरवाजा

जुन्या वाड्याच्या महादरवाजात एक दिंडी कापलेली असायची. जाडजूड फळ्या, अणकुचीदार खिळे, आडवा अडसर हा सगळा थाट रात्रीसाठी आणि परक्यासाठी. दिवसभराची ये-जा त्या वाकून शिरायच्या छोट्या दारातून. दूधवाला आला म्हणून महादरवाजा कुणी उघडत नसे. आणि दिंडीतून आत आलेला माणूस देवडीपर्यंतच यायचा. माजघर, कोठीची खोली, तिजोरी यांची कुलपं वेगळी, किल्ल्याही वेगवेगळ्या कमरांना. स्मार्टफोन घडवताना ही साधी व्यवस्था हरवली. एकच दार ठेवलं: ते लागलं की सगळं बंद, उघडलं की बँकेपासून बायकोच्या निरोपापर्यंत सगळं उघडं. मग साहजिकच सगळी चढाओढ लागली ती हे एकमेव दार किती झटकन उघडतं याची. बोटाने, चेहऱ्याने, डोळ्याने, उद्या आणखी कशाने. दरवर्षी किल्ली नवी आणि किंमत चढी. माझं म्हणणं असं की ही शर्यत चुकीच्या दाराशी चालली आहे. ते तपासायला टोकियोसारखं गाव नाही; महादरवाजाच्या काही नव्या किल्ल्या तिथे जगाच्या आधी आल्या, आणि दिंडीसुद्धा तिथेच आली.

आज पन्नाशीला टेकलेल्या टोकियोकराच्या हातातून या किल्ल्यांचा सगळा वंशवृक्ष गेला असणार. सुरुवात चार आकड्यांची. २००३ साली फुजित्सूने डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी एफ५०५आय हा घडीचा फोन काढला, त्यावर बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी होती. ॲपलने फोनला बोट लावायला शिकवलं ते त्यानंतर दहा वर्षांनी, २०१३ मध्ये. २०१५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच फुजित्सूचा ॲरोज एनएक्स आला. त्याच्याकडे नुसतं बघायचं. अवरक्त किरणांत तो बुबुळाची नक्षी वाचायचा आणि उघडायचा. बुबुळाने उघडणारा जगातला पहिला स्मार्टफोन म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१७ पासून आयफोन चेहरा मागू लागला. पण टोकियोत फेब्रुवारी-मार्च म्हणजे सुगी झाडांच्या परागकणांचा हंगाम, तेव्हा निम्म्या शहराच्या तोंडावर मास्क. पुढे महासाथीत तो सगळ्यांच्याच तोंडावर आला, आणि मास्कसकट चेहरा ओळखण्याची सोय आयफोनवर यायला मार्च २०२२ उजाडला. तोपर्यंत जगातल्या सर्वांत प्रगत कुलपापुढे माणसं गाडीत उभ्या उभ्या सहा आकडे बडवत होती.

बरं, शरीराची किल्ली निदान भक्कम तरी आहे का? योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच याचं उत्तर शिजवून दाखवलं, अगदी शब्दशः. लहान मुलांच्या लिबलिबीत गोळ्यांत असतं ते जिलेटिन घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटं ओतली, आणि बाजारातल्या अकरा ठसायंत्रांना ती लावली. यंत्रांनी ती बहुतेक वेळा खरी मानली. २०१७ मध्ये टोकियोतल्याच राष्ट्रीय माहितीशास्त्र संस्थेचे इसाओ एचिझेन यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. जपानी माणूस फोटो काढताना दोन बोटं वर करतो; तीन मीटरवरून काढलेल्या अशा चांगल्या फोटोतून बोटाचे ठसे उचलता येतात. उपाय म्हणून त्यांच्या चमूने बोटावर चिकटवायची पारदर्शक पट्टी तयार केली. म्हणजे किल्लीलाच झाकण! मला यातला धोका चोरीपेक्षा वेगळ्या जागी दिसतो. आकडा फुटला तर बदलता येतो. बोट कसं बदलणार? ज्या किल्लीची दुसरी करता येत नाही आणि जी आपण प्रत्येक पेल्यावर, दाराच्या मुठीवर ठेवून येतो, तिला किल्ली म्हणणंच धाडसाचं आहे. उलट बाजूही आहेच: आपल्याकडे आधारची सुरुवात सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली, आणि पुढे मजुरीने झिजलेल्या बोटांना यंत्र ओळखत नाही ही तक्रार रेशनच्या दुकानात ऐकू येते. चोराला उघडणारं आणि मालकाला न उघडणारं, असं दुहेरी दूषण एकाच कुलपाला.

यावर जाणकार लगेच सांगतील की जिलेटिनची बोटं प्रयोगशाळेतली. रस्त्यावरचा चोर एवढा खटाटोप करत नाही. शिवाय ठशाचं चित्र फोनमध्ये नसतंच, त्याचं गणिती रूप चिपमधल्या एका वेगळ्या कप्प्यात कोंडलेलं असतं. आणि मुख्य मुद्दा असा की बोटाची सोय येण्याआधी माणसं कुलूपच लावत नव्हती; निम्म्याच्या आसपास लोक स्मार्टफोनला आकडा घालत नाहीत, असं २०१३ मध्ये ॲपलनेच मंचावरून सांगितलं होतं. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. सोपं कुलूप लागलं हा फायदा खराच. पण त्याच कंपनीचा दावा बघा: अनोळखी बोटाने फोन उघडण्याची शक्यता पन्नास हजारांत एक, अनोळखी चेहऱ्याने दहा लाखांत एक. सहा आकड्यांचा कुठलाही क्रमांक एका फटक्यात ओळखण्याची शक्यताही दहा लाखांत एकच. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. तो बोटाला विचारत नाही, चेहऱ्याला विचारत नाही, आकडा मागतो. दोन दिवस हात लावला नाही तरीही आकडाच. म्हणजे घडवणाऱ्यांच्याही मनात हिशेब स्पष्ट आहे: बोट आणि चेहरा हे दिवाणजी, सहीचा अधिकार आकड्याचा. जाहिरातीत मात्र दिवाणजींनाच फेटा बांधतात.

त्या फेट्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये होम बटणाचा, म्हणजे बोटाने उघडणारा शेवटचा आयफोन, एसई, विक्रीतून गेला. जपानमध्ये त्याची किंमत ६२,८०० येनपासून होती. त्याच्या जागी चेहऱ्याने उघडणारा १६ई आला तो ९९,८०० येनपासून. सदतीस हजारांचा फरक सगळा कुलपाचा नाही हे कबूल. साठवण दुप्पट, चिप नवी, पडदा मोठा. येनही घसरलेला, २०२२ च्या जुलैत एका रात्रीत आयफोन १३ चा भाव ९८,८०० वरून १,१७,८०० झाला तो काही कुठल्या नव्या सोयीमुळे नव्हे. तरी पुढच्या फोनची वाट पाहताना, पडद्याखाली दडलेला कॅमेरा येणार का, किती वाढणार, या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही: दिवसातून शंभर वेळा हे दार उघडावंच का लागतं?

टोकियोने तो प्रश्न विचारला होता, फोनच्या आधी, स्टेशनच्या फाटकाशी. पूर्व जपान रेल्वेचं सुइका कार्ड १८ नोव्हेंबर २००१ ला सुरू झालं. शिंजुकुसारख्या स्टेशनात सकाळी माणसांचा लोंढा थांबला तर मागे जिना भरतो. म्हणून कार्ड वाचून फाटक उघडेपर्यंतचं काम सेकंदाच्या पाचव्या हिश्शात व्हायला हवं, ही अट. सोनीच्या फेलिका चिपने ते साधलं. पण नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांत लोक अडखळत होते. कुणी कार्ड दूर धरी, कुणी फार झटकन हलवी. अभिकल्पकार शुंजी यामानाका यांनी कार्ड वाचणारी पाटी तेरा-चौदा अंशांनी माणसाकडे कलती केली, तिच्यावर उजेड दिला, आणि हात आपोआप तिथे टेकून क्षणभर रेंगाळू लागले. जुलै २००४ मध्ये हीच चिप डोकोमोच्या फोनमध्ये शिरली, जानेवारी २००६ मध्ये सुइका फोनवर आलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये आयफोनवर. आणि इथे दिंडी आहे: फाटकाशी फोन उघडावा लागत नाही. पडदा काळा, कुलूप लागलेलं, चेहरा मास्कमध्ये, बोट हातमोज्यात. फोन पाटीला टेकवला की ‘पिप्’ वाजतं आणि माणूस पुढे. आयफोनची बॅटरी संपून पडदा विझला तरी पुढे काही तास ही दिंडी उघडी राहते. सर्वांत जास्त वेळा करायच्या कामासाठी महादरवाजाला हातच लावायचा नाही, हा विचार मला बुबुळ वाचणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा हुशार वाटतो.

फोन चोरीला गेला तर चोर फुकट फिरेल की, असा आक्षेप निघेल. फिरेल. पण सुइकात वीस हजार येनच्या वर शिल्लक ठेवताच येत नाही, आणि हरवल्याचं कळवलं की ती दुरून गोठवता येते. चोर देवडीपर्यंत आला, माजघरात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: टोकियो हे टोकियो आहे म्हणून हे चालतं. २०१८ मध्ये तिथल्या महानगर पोलिसांनी सुमारे १ लाख ३० हजार हरवलेले फोन मालकांच्या हाती परत दिले, म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी. असं शहर दिंडी उघडी ठेवू शकतं. दादर स्टेशनच्या पुलावर हा प्रयोग करून दाखवा, असं कुणी म्हटलं तर मी लगेच हो म्हणणार नाही. पण दिंडीचा आकार गावाच्या भरवशाप्रमाणे ठरवता येतोच. आपल्याकडेही यूपीआय लाइटमध्ये पिन न टाकता छोटी रक्कम देता येते, मर्यादा आखलेली. फक्त तिथे फोनचा महादरवाजा आधी उघडावा लागतो. दिंडी वाड्याच्या आतल्या चौकात बसवली आहे.

किल्ली कशाची हे झालं; किल्ली कोणाची, हे याहून जुनं दुखणं. जपानमध्ये फोन वर्षानुवर्षं सेवा देणाऱ्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला असे. हप्त्यांवर, सवलतीत, कधी चक्क शून्य किंवा एक येनला मिळायचा, आणि मालक म्हणवणारा खरं तर भाडेकरूच. मे २०१५ पासून मागितल्यावर ते कुलूप काढून देणं बंधनकारक झालं, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते घालण्यालाच मुळात बंदी आली. त्याच ओघात ऑक्टोबर २०१९ मध्ये सवलतीवर वीस हजार येनची मर्यादा आली, २०२३ च्या डिसेंबरअखेर महागड्या फोनांसाठी ती चाळीस हजारांवर नेली. कुलूप गेलं तशी फोनची खरी किंमत उघडी पडली. स्वस्ताई ही कुलपाचीच दुसरी बाजू होती. तरी अकिहाबाराच्या जुन्या फोनांच्या दुकानांत एक शेपूट दिसत आलं आहे. फोनवरच्या चिठ्ठीत किमतीशेजारी खूण असते: वर्तुळ म्हणजे निर्धोक, फुली म्हणजे सेवा कंपनीने अडवलेला, आणि त्रिकोण म्हणजे आधीच्या मालकाचे हप्ते बाकी. अडवलेल्या फोनला तिथे ‘आका-रोम’ म्हणतात, लाल. त्रिकोणवाला स्वस्त मिळायचा. पहिल्याने हप्ते थकवले की दुसऱ्याचा फोन मुका व्हायचा. तुमचं बोट, तुमचा चेहरा, तुमचा आकडा, सगळं बरोबर आणि दार तरीही बंद. टोकियोतल्या निशि-कासाईत येऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या मालकीचा आणखी एक पदर भेटतो. भारतातून आणलेल्या अँड्रॉइड फोनवर फेलिकाची सोय सहसा नसते. महादरवाजा झगझगीत, दिंडीच नाही. आयफोनमध्ये मात्र २०१७ पासून जगभर विकलेल्या फोनांत ती असते.

आता माजघरसुद्धा फोनमध्ये येतं आहे. २४ जून २०२५ पासून जपानचं माय नंबर ओळखपत्र आयफोनच्या पाकिटात ठेवता येतं. मूळ कार्डाला चार आकडे लागतात. इथे सरकारी दालनात शिरायला चेहरा किंवा बोट पुरतं. पुन्हा सगळा वाडा एका किल्लीवर. आणि पूर्व जपान रेल्वेने २०२४ च्या अखेरीस जाहीर केलं आहे की तिथून पुढच्या दहा वर्षांत सुइकाचं फाटक नुसतं चालत ओलांडता येईल. फोन काढायचा नाही, टेकवायचा नाही, खिशातच राहू द्यायचा. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला ही मोठीच सोय, तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. पण आजच्या फाटकात, पाटी कलती करून मुद्दाम मिळवलेला तो क्षणभराचा टेकू आहे. त्यात माणूस स्वतः हात पुढे करतो, पैसे जाताना ‘पिप्’ ऐकतो, उरलेली शिल्लक आकड्यांत बघतो, आणि नको असेल तर हात मागे घेतो.