“मारा हो बाई, आमची हरकत नाही”

दुसरीच्या पालकसभेत एक गृहस्थ उठून बाईंना म्हणाले, “मारा हो बाई, आमची काही हरकत नाही. आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ते आठवलं की अजून संताप होतो.

कारण त्या बाईंचा वर्ग मी डोळ्यांनी पाहिला होता. शाळेने एक दिवस पालकांना वर्गात बसू दिलं होतं. त्याच दिवशी एका मुलाने माझ्याच मुलीची चित्रकलेची वही टराटरा फाडली. त्याला दोन धपाटे मिळावेत, असं मला मनापासून वाटलं. बाईंनी आधी मुलीला जवळ घेतलं. मग त्याच्यापुढे खाली बसल्या. “राग आला होता ना? पण वही फाटली. आता ती नीट कशी करायची, तू सांग.” तो गप्प. बाईही गप्प. बऱ्याच वेळाने पुटपुटला, “चिकटपट्टी.” मधल्या सुट्टीत बाईंनी त्याला आधी डबा खायला लावला, उपाशी ठेवणं म्हणजे शिक्षाच झाली असती. मग तो तुकडे जुळवत बसला. पट्टी बोटांनाच चिकटायची, कागद वाकडा बसायचा, पुन्हा सोडवायचा. शेवटी माझी लेकच शेजारी जाऊन बसली. “अरे, सोंड इकडे!”

याला लोक ‘धाक नाही’ म्हणतात. सभेनंतर तसा अर्जच गेला, भराभर सह्या झाल्या. मी मुख्याध्यापकांना जाऊन भेटले. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना २०१० पासून बंदी आहे, हे सांगितलं. “कायदा आम्हाला ठाऊक आहे, ताई. पण पालकांनाच मार हवा असेल तर?” पुढच्या वर्षी बाईंकडे वर्ग दिलाच नाही, ग्रंथालय दिलं. न मारल्याबद्दल! आणि हे कुठे, तर भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्या महाराष्ट्रात. भीतीही नको आणि बक्षिसाची लालूचही नको, हे त्या माणसांनी कधीच सांगून ठेवलंय.

तो मुलगा नंतर शहाणा झाला, असंही नाही. महिनाभरात कुणाला तरी चावला. ते ऐकून मला पुन्हा धपाटाच आठवला. इतकं ते आपल्या अंगात मुरलंय.

आणि वर्गात गोंगाट होता, ही तक्रार खोटी नव्हती. पट चाळिसाच्या वर. एकापाशी बसायचं तर बाकीच्यांना कोण सांभाळणार? त्याच कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, असं प्रमाण दिलंय. अर्ज करायचाच होता तर आणखी एक शिक्षक द्या म्हणून करायचा होता. त्यावर पहिली सही मी केली असती.