जुन्या पिस्तुलाचे वय

जुन्या पिस्तुलाचे वय आधी त्यातला बार कसा पेटतो यावरून ओळखतात. ठासणीच्या पिस्तुलात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागते. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आणि शेजारी रंजकाची वाटी असेल, तर बांधणी साधारणपणे १८४० च्या आधीची असते. तांब्याची टोपी बसवायचा पोकळ खुंट असेल, तर ती त्या सुमाराची किंवा नंतरची. मात्र चकमकीची पिस्तुले पुढे टोपीची करून घेण्याची पद्धत सर्रास होती. अशा पिस्तुलाच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर वाटी काढल्याची खाच आणि बुजवलेली स्क्रूची छिद्रे राहतात. ती दिसली की त्या पिस्तुलाला दोन तारखा द्याव्यात, एक घडणीची आणि एक बदलाची.

कोकण किनाऱ्यावर सापडणाऱ्या शस्त्रांना राजवटींचा इतिहास जोडून पाहावा लागतो. उदाहरणार्थ, मोरा बंदर ज्या करंजा बेटावर, म्हणजे आजच्या उरणला आहे, ते पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात राहिले. त्यामुळे या पट्ट्यात युरोपी, देशी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बनावटीची शस्त्रे एकमेकांत मिसळलेली असणे स्वाभाविक आहे. कंपनीचे पिस्तूल ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. सुमारे १८०८ पर्यंत पट्टीवर चार भागांत विभागलेले हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे ठोकलेली असत. पुढे त्या जागी मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आला. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला, तेव्हा सिंहाची मुद्रा खरी असेल तर पट्टी त्यानंतरची नाही. लाकडी दस्ता किंवा नळी मात्र नंतरची असू शकते. देशी कारागीर जुनी पट्टी नव्या लाकडावर बसवत, म्हणून एका भागाची तारीख सगळ्या शस्त्राची मानू नये.

काडतुसाच्या काळात मुद्रा वाढतात आणि काम अधिक नेमके होते. इंग्लंडमध्ये नळीची चाचणी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात होई आणि तिची खूण धातूवर ठोकली जाई. बेल्जममधल्या लिएजची खूण म्हणजे लंबगोलात ‘ई एल जी’ ही रोमन अक्षरे. त्यावर मुकुट असेल तर ती १८९३ किंवा त्यानंतरची. इंग्लंडमध्ये तपासलेल्या परदेशी शस्त्रावर ‘नॉट इंग्लिश मेक’ असे शब्द दिसले, तर ती तपासणी १९२५ च्या नियमांनंतरची. अशा प्रत्येक खुणेचे उत्तर एकच असते: ‘याच्या आधी नाही’ किंवा ‘याच्या नंतर नाही’. ही उत्तरे एकत्र ठेवली की मधला काळ अरुंद होत जातो.

भारतात ओळखीचे असलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर याचे चांगले उदाहरण आहे. ‘पी. वेब्ली अँड सन’ हे नाव १८९७ पर्यंतचे. त्या वर्षी कंपन्या एकत्र होऊन नावात स्कॉट आले. ०.४५५ बोअरच्या लष्करी वेब्लीचा पहिला नमुना १८८७ चा, चौथा १८९९ चा, सहावा १९१५ चा. आधीच्या नमुन्यांचा दस्ता पक्ष्याच्या चोचीसारखा वळलेला, सहाव्याचा चौकोनी. विक्रेत्याचे नावही उपयोगी पडते. मुंबईत काळ्या घोड्याजवळ १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे दुकान उघडले. या संस्थेच्या नावातले ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ हे शब्द १९३४ मध्ये गेले, त्यामुळे ते नळीवर असतील तर वरची मर्यादा मिळते.

क्रांतिकारकांच्या शस्त्रांबाबत ही पद्धत कसोशीने वापरायला हवी, कारण तिथे घराण्यांच्या आठवणी आणि श्रद्धा गुंतलेल्या असतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली आणि या हत्येतले पिस्तूल त्यांतलेच होते, असे खटल्यात मांडले गेले. ती मार्च १९०९ मध्ये मुंबईला पोचली. तोवर लिएजजवळच्या हेर्स्टालच्या कारखान्याचे ७.६५ मिलिमीटरचे ब्राउनिंग म्हणजे १९०० चाच नमुना होता. त्याची स्प्रिंग नळीच्या वर असते, १९१० च्या नमुन्यात ती नळीभोवती गुंडाळलेली असते. म्हणून १९१० चे ब्राउनिंग ‘नाशिकच्या वीसांपैकी एक’ म्हणून कोणी दाखवले, तर ते नि:संकोच नाकारावे. त्या तरुणांच्या स्मृतीचा मान खोट्या वस्तूने वाढत नाही.

क्रमांकाचे महत्त्व कलकत्त्याच्या रोडा प्रकरणात दिसते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी शस्त्रविक्रेत्या रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली गेली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्याची नोंद कंपनीकडे होती, म्हणून पुढे हाती लागलेली शस्त्रे ओळखणे शक्य झाले. दस्त्यावर लाल ९ कोरलेले माउझर या चोरीनंतर, पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झाले, तेव्हा ते या पन्नासांत असूच शकत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये चौकट, नळी आणि चक्र यांवरचे क्रमांक जुळतात का, हेही पाहावे.

वायव्य सरहद्दीवरच्या दर्रा या गावच्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या, पण अक्षरे बहुधा त्यांना दगा देतात: एन उलटा, मुकुट वाकडा, शब्द चुकीचा. राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल दिसले, तर ते शस्त्र बहुधा नकलीच.

मोऱ्यासारख्या खाऱ्या हवेत उथळ मुद्रा गंजाखाली लपतात. सँडपेपर आणि पॉलिश त्या कायमच्या पुसतात. पातळ तेलाचा बोळा, मऊ फडके आणि तिरका प्रकाश एवढेच पुरे. मुद्रेचा फोटो घेतल्याशिवाय कोणतीही सफाई करू नये. जुनी नळी काळ्या दारूसाठी घडवलेली असते, तिच्यात आधुनिक काडतूस घालून पाहणे जिवावर बेतू शकते.

कायद्याची बाजूही त्यातच येते. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तूमूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला मिळते, पण दुरुस्तीनेही ते चालू शकणार नसेल तरच. चालू शकणाऱ्या शस्त्राला परवाना लागतोच, आणि ०.४५५ बोअर तर निषिद्ध गटात मोडतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुराणवस्तू कायदा लागू होतो, त्यामुळे ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. माळ्यावर असे काही सापडले, तर ते पोलिस ठाण्यात कळवून मगच त्याच्या मुद्रा वाचायला बसावे.