वस्त्रगाळ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या रविवार पेठेत शिरलं की काष्ठौषधींचं दुकान कुठे आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. वाळ्याचा मातकट वास येतो, मागून कपूरकाचरीचा थंडसर, आणि त्या दोघांच्या खाली नागरमोथ्याचा, ओल्या मुळासारखा. दुकानात गोण्यांची तोंडं उघडी असतात. गव्हला, कचोरा, अनंतमूळ, आंबेहळद, आवळकाठी, रिठे. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारा दुकानदार तागडीत काही टाकण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "ताई, अख्खं देऊ की दळलेलं?"

माझी आजी कायम अख्खं घ्यायची. अख्ख्या नागरमोथ्याची गाठ हातात धरता येते, नखाने टोकरून वास घेता येतो, किडलेली असेल तर बाजूला टाकता येते. दळलेल्या पुडीत काय काय दळलं गेलंय ते दळणाऱ्यालाच माहीत, असं ती म्हणायची. तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा संशयी स्वभाव वाटायचा. आता 'नॅचरल', 'ऑर्गॅनिक', 'हर्बल' अशी अक्षरं मिरवणाऱ्या बाटल्यांसमोर उभी राहिले की तोच प्रश्न मला आठवतो, आणि त्याहून नेमका प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

आजीचं उटणं वसुबारसेच्या आधी सुरू व्हायचं. सगळे जिन्नस दोन दिवस कडक उन्हात. मग खलबत्ता. कचोऱ्याच्या चकत्या पटकन फुटायच्या, नागरमोथा मात्र चिवट, त्याचे तंतू बत्त्याला गुंडाळून यायचे. कुटलेलं झालं की खरं काम. पितळी पातेल्याच्या तोंडावर आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधायचा, त्यावर मूठभर पूड टाकायची आणि तळहाताने गोल गोल फिरवत राहायचं. धोतर शंभरदा धुतलेलं, सुताची वीण बसलेली. त्यातून जे खाली उतरायचं ते इतकं बारीक की पातेल्यात पडल्याचा आवाज होत नसे. वर उरलेला चोथा पुन्हा खलात. तीन-चार वेळा. या पुडीला वस्त्रगाळ म्हणतात. नरक चतुर्दशीला पहाटे अंगणात कारीट फोडून न्हाणीघरात शिरलं की तीच पूड आधी लावलेल्या तेलावर चोळली जायची आणि तेल उटण्यात मुरून गोळ्या-गोळ्यांनी अंगावरून सुटायचं. एकही कण टोचायचा नाही. आज मुलींच्या चेहऱ्यावर अक्रोडाच्या टरफलाचा भरड चुरा घासला जातो तेव्हा मला त्या धोतराच्या तुकड्याची फार आठवण येते. निसर्गातलं आहे म्हणून ते कातडीला मऊ असत नाही. ते मऊ करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

शिकेकाईचं तसंच. तांबूस, सुरकुतलेल्या शेंगा, हलवल्या की आत बिया खुळखुळायच्या. बिया काढून शेंगा, रिठे आणि आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालायची, पहाटे उकळायची. फेस थोडासाच. "डोळे गच्च मीट," आजी सांगायची, तरी एखादा थेंब जायचाच आणि डोळे दुपारपर्यंत लाल. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या कणाच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. दोघांना धरून ते केसांवरचा मळ सोडवून नेतात. साबण हेच करतो. फरक असा की साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, शिकेकाईचा काढाही आम्लाकडेच झुकलेला. म्हणून शिकेकाईने न्हालेले केस साबणाने धुतल्यासारखे राठ होत नाहीत. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला केस ठाऊक होते.

पण दोन्ही गोष्टींत एक साम्य होतं, ते माझ्या ध्यानात यायला चाळीस वर्षं गेली. उटणं कोरडं असायचं आणि शिकेकाईचा काढा त्या दिवसापुरता. पाणी लागलं की वापरून संपवायचं. पाणी साठवून ठेवलं जात नसे.

मागच्या वर्षी लेकीने एक शाम्पू आणला. हिरवी बाटली, वर शिकेकाईच्या शेंगेचं सुंदर चित्र, किंमत घरातल्या नेहमीच्या शाम्पूच्या चौपट. "आई, हे पूर्ण नॅचरल आहे, तुझ्या आजीचंच आहे बघ." तिच्या आवाजात माझ्याविषयी माया होती, म्हणून मी बाटली नीट बघितली. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. आपल्याकडे नियम असा आहे की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मग कोणत्याही क्रमाने चालतात. पहिलं नाव होतं पाण्याचं. मग फेस आणणारी दोन-तीन रसायनं, मग घट्टपणासाठी मीठ, मग सुगंध. शिकेकाईचा अर्क त्या सुगंधाच्याही खाली. चित्रातली शेंग त्या बाटलीत होती, पण किती होती ते त्या क्रमाने सांगितलं.

पुढे वाचत गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली आणि तिने मला खरोखर अस्वस्थ केलं. सौंदर्यप्रसाधनांतला नैसर्गिक वाटा कसा मोजावा यासाठी आयएसओ १६१२८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पाणी नैसर्गिक म्हणून मोजता येतं. बाटलीत बहुतांश पाणीच असेल तर वर मोठ्या अक्षरांत नव्वदच्या घरातला टक्का छापता येतो आणि तो खोटा ठरत नाही. आपण पैसे मोजतो शेंगेचे, घरी आणतो पाणी.

आणि पाणी आलं की जंतू आले. लेकीने एकदा कोरफडीचा गर काढून बाटलीत भरून ठेवला होता, कसलंही रसायन नको म्हणून. फ्रिजबाहेर राहिला, चौथ्या दिवशी गुलाबी पडला आणि आंबूस वास मारू लागला. दुकानात महिनोन्‌महिने राहणाऱ्या पाणीदार क्रीमला जंतू रोखणारं काही ना काही घालावंच लागतं. ते घातलं म्हणून त्या कंपनीला दोष देणं मला बरोबर वाटत नाही. डोळ्याजवळ लावायच्या मलमात बुरशी वाढण्यापेक्षा ते हजारदा बरं. दोष आहे तो 'यात काहीच नाही' असं भासवण्यात.

माझ्या आईची गोष्ट मात्र दोष देण्यापलीकडची आहे. एका लग्नाच्या आधी तिने पांढरे केस झाकायला काळ्या मेंदीचं पाकीट आणलं. पाकिटावर मेंदीची डहाळी आणि 'शुद्ध वनस्पतीजन्य' असे शब्द. रात्री लावली, सकाळी कपाळ सुजलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही पापण्या इतक्या फुगल्या की डोळे उघडेनात, कानामागून लस वाहू लागली. आठ दिवस ती अंधाऱ्या खोलीत बसून होती. लग्नाला गेली नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी पाकीट मागून घेतलं, वाचलं आणि आईला विचारलं, "मेंदी कधी काळी असते का हो?"

तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचा रंग नारिंगी, मग तांबडा, फार तर गडद विटकरी. काळा कधीच नाही. केस खरोखर पानांनी काळे करायचे असतील तर आधी मेंदी आणि नंतर निळीच्या पानांची पूड, असं दोनदा बसावं लागतं. एका पाकिटात, एका तासात काळे होतात ते बहुतेक वेळा पॅरा-फिनायलिनडायअमिन या रसायनामुळे, ज्याला पीपीडी म्हणतात. आईच्या पाकिटावर ते नाव होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, डहाळीच्या चित्राच्या दुसऱ्या बाजूला. पीपीडी असलेल्या कलपावर आपल्याकडे कायद्याने इशारा छापावा लागतो: आधी थोड्या जागेवर चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. साध्या कलपाची बाटली असती तर आईने तो इशारा वाचला असता, कानामागे लावून पाहिलं असतं. 'वनस्पतीजन्य' या एका शब्दाने तिची सावधगिरी काढून घेतली. त्या शब्दावर माझा राग आहे, आणि तो जायचा नाही.

खरं तर आपल्या भाषेला निसर्गाचा भाबडेपणा कधीच नव्हता. एखाद्या कामात कुणी बिब्बा घातला म्हणतो आपण. बिब्बा झाडाचंच फळ, आंबा आणि काजूच्या कुळातलं. त्याचं काळं तेल कातडीला लागलं की फोड येतात आणि धोब्यांनी त्याने कपड्यावर घातलेली खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात, तेही निसर्गाचंच. उलटही खरं आहे. माझ्या मावशीच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा गोल आहे. टिकलीच्या मागच्या काही गोंदांत असलेल्या एका फिनॉलने तिथल्या त्वचेचा रंग कायमचा गेला. तिच्या आईच्या कपाळावर मेण आणि त्यावर पिंजर असायची. कारखाना वाईट आणि झाड चांगलं, किंवा झाड अडाणी आणि कारखाना शहाणा, असं सोपं काही नाही. काय आहे, किती आहे, कुठे लावायचं आहे, एवढंच विचारता येतं.

विचारल्यावर काही जुन्या गोष्टी अगदी उजळून निघतात. खोबरेल तेलच घ्या. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून तुलना केली. केसांतलं प्रथिन धुऊन जाणं लक्षणीय कमी केलं ते फक्त खोबरेलाने. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे सांगायला हवं, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ बांध्याचं असतं, ते केसाच्या आत शिरतं. आजी न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल चोपडायची, सकाळी नाही. त्या रात्रभराच्या मुरण्याला आता अर्थ सापडला आहे.

चंदनाच्या बाबतीत मात्र माझं मन कचरतं. चंदनाचा गाभा तयार व्हायला दशकं लागतात, आणि तेल मुळांतही असल्याने झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. सहाणेवर चार थेंब पाण्यात खोड उगाळणारं घर आणि हजारो बाटल्या भरणारा कारखाना यांची निसर्गाकडची मागणी सारखी नाही. सेंद्रिय शेतीला आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणीकरण आहे, २००१ पासून, आणि ज्या शेतकऱ्याने दोन-तीन वर्षं जमीन विषमुक्त ठेवून ते मिळवलं त्याच्या हळदीला चार पैसे जास्त द्यायला मी आनंदाने तयार असते. ते पैसे मातीला जातात. डबीवरच्या पानाच्या चित्राला दिलेले पैसे चित्रकाराला जातात.

तर घ्यावं का? लेकीने परवा पुन्हा विचारलं. मी तिला म्हटलं, शाम्पू हवाच असेल तर साधा, कमी वासाचा, तुझ्या डोक्याला सोसणारा घे आणि त्यासाठी चौपट पैसे घालू नकोस. निसर्ग विकत घ्यायचा असेल तर तो कोरडा घे, अख्खा घे, आणि पाणी घरचं घाल. ती माझ्याबरोबर रविवार पेठेत आली. आंबेहळदीचा तुकडा तिने मोडून पाहिला, कच्च्या कैरीचा वास आला तेव्हा हसली. घरी येऊन आम्ही मिक्सरवर पूड केली, खलबत्त्याचा हट्ट मी धरला नाही, पण गाळायला आईची जुनी सुती साडी फाडली.

तुम्हीही यंदा दिवाळीच्या आधी जाल तर उटण्याचे जिन्नस अख्खे मागा, लागतील तेवढेच घ्या, वस्त्रगाळ करा. आणि कितीही ओळखीचं असलं, कितीही घरचं असलं, तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावा आणि दोन दिवस थांबा.