डोंगरातली लहान लाईन

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सोनाळा-जामोदच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला रेल्वे नेहमी दुसऱ्याच्या गावाला जाऊनच गाठावी लागते. दक्षिणेला मुंबई-नागपूरची मोठी लाईन आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही तिच्यावरची आमच्या जिल्ह्यातली नावं. जलंबहून खामगावला गेलेला फाटा 1870 सालचा, निव्वळ कापसासाठी टाकलेला. तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. सातपुड्याच्या पायथ्याला काही कुणी व्हाइसरॉय आला नाही. आमच्यासाठी जवळचं स्टेशन म्हणजे शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं हिवरखेड, आणि तिथली गाडी तेव्हा लहान लाईनची.

कागदोपत्री ती मीटर गेज. दोन रुळांत एक मीटरचं अंतर, मोठ्या लाईनपेक्षा दोन फुटांहून अधिक अरुंद. मोठ्या गाडीत बसून आलेले पाहुणे तिला हसायचे. मला मात्र तिच्या डब्यातली दाटीच आवडायची, कारण माझे मामा खंडव्याला होते आणि सुट्टी म्हणजे अकोला-खंडवा पॅसेंजर हे समीकरण पक्कं होतं.

या लाईनचा इतिहास वाचला तो फार पुढं, नोकरीत स्थिरावल्यावर. लहानपणी डोंगर आहे तेव्हापासून गाडी आहे असंच वाटायचं. प्रत्यक्षात सातपुड्यातला हा रस्ता स्वातंत्र्यानंतरचा, 1960च्या आसपास पूर्ण झालेला. दक्षिणेकडून निजामाच्या राज्यातली लाईन पूर्णेवरून हिंगोलीपर्यंत येऊन थांबलेली होती. उत्तरेकडून होळकरांच्या काळातली लाईन इंदूर-महूकडून खंडव्यापर्यंत उतरलेली. मधला तुकडा जोडला आणि हैदराबादकडची लहान लाईन राजस्थानच्या लहान लाईनला जाऊन भिडली. म्हणून तर जयपूर-काचिगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस आमच्या रानातून जायची. वऱ्हाडातल्या हिवरखेडच्या फलाटावर उभं राहून राजस्थानी फेट्यातला माणूस खिडकीत बघायचा, ही त्या जोडणीची कमाई. आमच्या वाट्याला अर्थात पॅसेंजर.

हिवरखेड सुटलं की कपाशीची वावरं मागं पडायची आणि वान रोड येईपर्यंत दोन्ही अंगांना साग उभा राहायचा. त्यापुढं धूळघाट. इथं गाडी सरळ चढू शकत नव्हती, म्हणून इंजिनिअरांनी रुळांना असा वळसा दिला होता की तीच लाईन फिरून स्वतःलाच ओलांडायची, एकदा पुलाखालून आणि एकदा पुलावरून. वरून पाहिलं तर चारचा आकडा. मामांनी मला पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा आपण जिथून आलो ते रूळ खाली कसे, हे मला पटेचना. दिशा हरवल्यासारखं होऊन मी आईचा पदर धरला होता. डब्यातल्या कोरकू बायका हसल्या. त्यांच्या टोपल्यांत कधी मोहफुलं, कधी सीताफळं. त्यांना या वळशाचं काही नवल नव्हतं. बाजाराला जायची त्यांची ती रोजची वाट होती. जंगलातल्या कितीतरी पाड्यांना डांबरी रस्त्याआधी ही गाडी ठाऊक झाली. घाटात ती इतकी हळू चालायची की तरणी पोरं खाली उतरून पुन्हा चढायची. मीही केलं आहे ते, कॉलेजात असताना, ओंकारेश्वरला निघालेल्या मित्रांसमोर मिरवायला.

मग देशभर सगळे रूळ एकाच मापाचे करायचं ठरलं. 2008 मध्ये पूर्णा-अकोला मोठी लाईन झाली आणि मीनाक्षीची ती जुनी वाट तुटली. उरलेली लहान लाईन अकोल्याला कापलेल्या दोरासारखी लोंबकळत राहिली. 2017च्या सुरुवातीला तीही बंद झाली. अकोटपर्यंत नवे रूळ आले, नोव्हेंबर 2022 मध्ये अकोला-अकोट गाडीही धावली. पुढं अडलं, कारण पुढं मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प.

मला यात रेल्वेची बाजू कळते. रूळ होतेच, त्यांवरून गाड्या जातच होत्या, मग आताच वाघ कुठून आला? पण लहान गाडीचं रांगणं आणि मोठ्या लाईनचा वेग यांत फरक आहे. मालगाड्यांची रांग लागली की रानाला रात्र उरत नाही. शिवाय जी गावं व्याघ्रप्रकल्पासाठी बाहेर आली, त्यांनी घरं, देव, पिढ्यांची वावरं मागं सोडली. माणसं हलवून मोकळ्या केलेल्या जागेतून मालगाड्या पळवायच्या, हे त्यांच्या तोंडावर सांगायला कुणाची जीभ रेटेल? 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरून वळसा घ्यायला सांगितलं. तो वळसा हिवरखेडवरून सोनाळा, जामोद करत पुढं तुकईथडला मिळणारा. अंतर सुमारे तीस किलोमीटरनं वाढतं. वाढू दे.

यात माझा स्वार्थ आहेच, तो लपवत नाही. लहानपणी जी गाडी गाठायला आम्ही एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात जायचो, ती वाघाच्या कृपेनं आमच्या शिवारात येऊ घातली आहे. गावात पारावर हाच विषय असतो. कुणाचं संत्र्याचं वावर जाणार, मोबदला काय दरानं, विहीर धरतात की नाही. तरुणांना खंडवा-इंदूर जवळ येईल असं वाटतं. आमच्या आबांना मात्र जुन्या पॅसेंजरची सवय. ती हात दाखवला तरी थांबेल अशी चालीची होती. नकाशा ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या शिवारातून जाईन हे समजलं रे बापा, पण सोनाळ्याले थांबीन का?"

त्यावर पारावर वाद पेटला आणि अजून मिटलेला नाही.